चाकूंचा संग्रह आटोपता घेताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकमधलं गंगापूर रोडचं घर विकून इंदिरानगरला दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये जायचं आहे. आयुष्यभर जमवलेले साठेक चाकू-सुऱ्या सोबत नेणं शक्य नाही, मुलाला त्यात रस नाही आणि वहिनींनी एकच ड्रॉवर मंजूर केला आहे. ओपिनेल (लाकडी मुठीचे फ्रेंच घडीचे चाकू), स्विस चाकू, दोन कुकऱ्या, एक रामपुरी, आजोबांकडून आलेली कट्यार, पांढऱ्या मुठीचा जंबिया (वाकड्या पात्याचा खंजीर), कासवाच्या पाठीसारख्या मुठीचे जुने पेन-नाईफ, अडकित्ते, जपानी किचन सुऱ्या आणि द्राक्षबागेतले कलमाचे चाकू अशी यादी आहे. कोणते ठेवू, कोणते काढू, कुठे आणि कितीला, आणि विकण्याआधी सगळ्यांना पॉलिश करून घेऊ का, असं तुम्ही विचारलं आहे.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथे घाई झाली की नुकसान भरून येत नाही. पॉलिश करू नका. सातपूर-अंबडला बफिंग करून देणारे पुष्कळ आहेत आणि ते चकाचक करूनही देतील. पण बफच्या चाकावर जुन्या पात्याच्या कडा गोल होतात, बनवणाऱ्याचा शिक्का पुसट होतो आणि चाक जरा जोरात लागलं तर पातळ धारेचं पाणीही, म्हणजे पोलादाला दिलेला कडकपणा, उतरतं. जुन्या लोखंडावरचा काळसर-करडा थर हा गंज नव्हे. तो पात्याचं वय सांगतो आणि खालच्या पोलादाला थोडंफार संरक्षणही देतो. जाणकार गिऱ्हाईक आधी तोच थर बघतं आणि आरशासारखी कट्यार दिसली की किंमत पाडतं.

तांबूस, भुरभुरीत, बोटाला लागतो तो गंज मात्र काढलाच पाहिजे. त्यासाठी शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब गंजावर टाकून दिवसभर राहू द्या. मग तांब्याचं जुनं नाणं घेऊन त्याच्या कडेने हलक्या हाताने घासा. तांबं पोलादापेक्षा मऊ असल्यामुळे गंज सुटतो आणि पात्यावर ओरखडा उठत नाही. तपकिरी झालेलं तेल सुती कापडाने पुसा आणि पुन्हा थेंब टाका. कंटाळवाणं काम आहे, पण सॅंडपेपरने पाच मिनिटांत उरकलेलं काम कायमचं दिसत राहतं. खोबरेल किंवा मोहरीचं तेल वापरू नका, ते काही महिन्यांत चिकट होतं आणि त्यावर धूळ बसते.

आता किती ठेवायचे ते. बहुतेक लोक कपाटाची जागा मोजतात किंवा मनाला विचारतात. माझ्या मते दोन्ही मापं चुकीची. मन एकही सोडू देत नाही, आणि जागा म्हणाल तर एका ड्रॉवरमध्येही पन्नास चाकू कोंबता येतात. खरं माप पावसाळा. शहरात त्र्यंबक-इगतपुरीसारखा पाऊस नसला तरी जून ते सप्टेंबर भिंती ओलसर असतात, आणि कार्बन स्टीलच्या पात्याला तेवढं पुरतं. एखाद्या रविवारी दुपारी सगळे चाकू चटईवर मांडा. एकेक उघडायचा, पुसायचा, उजेडात दोन्ही बाजू बघायच्या, तेलाचा हात फिरवायचा आणि बटर पेपरमध्ये गुंडाळून ठेवायचा. कंटाळा येईपर्यंत, म्हणजे "हा राहू दे, पुढच्या वेळी बघू" असं पहिल्यांदा तोंडून निघेपर्यंत जेवढे झाले तेवढे तुमचे. बाकीच्यांना तुम्ही सांभाळत नाही, नुसते साठवता आहात. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या चांगल्या पात्यांपैकी बरीचशी वापरून खराब झालेली नसतात. कपाटात पडून, प्रेमापोटी न विकता खराब झालेली असतात.

ठेवायचे ठरतील ते कातड्याच्या म्यानात ठेवू नका. कातडं कमावताना वापरलेली क्षारं आणि हवेतली ओल मिळून पातं आतून खातं, आणि म्यान बंद असल्यामुळे पत्ता लागत नाही. म्यान वेगळं, पातं वेगळं. वर्तमानपत्रातही गुंडाळू नका, तो कागद आम्लधर्मी असतो.

निवडीला बसण्याआधी एक चाळणी लावावी लागेल, ती कायद्याची. शस्त्र अधिनियम 1959 मध्ये निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू 'शस्त्र' धरलेल्या नाहीत. त्यामुळे जपानी सुऱ्या, अडकित्ते, कलमाचे चाकू, वहिनींची विळी यांची काळजी नको. (विळीला हात लावू नका. ती तुमच्या संग्रहातली नाही.) पण शस्त्र नियम 2016 च्या वर्गवारीत तलवारी, कट्यारी-खंजिरांसारखी शस्त्रं, आणि घरगुती, शेती, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी नसलेली नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाती येतात, आणि त्यात कुकरीचा नावानिशी उल्लेख आहे. तेव्हा दोन्ही कुकऱ्यांवर पट्टी ठेवा. मूठ संपते तिथून टोकापर्यंत लांबी, आणि पोटाशी सगळ्यात रुंद जागी रुंदी. कुकरीचं पोटच फुगीर असल्यामुळे लांबीत सुटली तरी रुंदीत अडकण्याची शक्यता असते. रामपुरी मापात बसला तरी तो भाजी कापायला बनवलेला नाही हे कुणाला पटवून द्यावं लागत नाही. कुकऱ्या, रामपुरी, जंबिया आणि कट्यार या पाच वस्तूंचे फोटो व मापं घेऊन एखाद्या फौजदारी वकिलाला दाखवा आणि मग तुमच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात रीतसर विचारा. फोटो न्या, वस्तू नेऊ नका.

वस्तू नेऊ नका म्हणतो त्याला कारण आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली पोलीस आयुक्तांचे मनाई आदेश निघतात, साधारण पंधरवड्याच्या मुदतीचे, सण-उत्सव, मोर्चे, निवडणुका पाहून. त्यात सार्वजनिक ठिकाणी शस्त्रं, चाकू, काठ्या बाळगायला बंदी असते. 2027 चा सिंहस्थ जवळ येईल तसा बंदोबस्त वाढत जाणार. अशा दिवसांत स्कूटरच्या डिकीत "विकायला चाललोय" म्हणून कुकऱ्या घेऊन पंचवटीतून जाऊ नये, एवढं साधं आहे. कुरिअरचंही तेच. 2022 मध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांनी कुरिअरने आलेल्या तलवारींचा साठा पकडला होता, तेव्हापासून पात्याच्या आकाराचं पार्सल दिसलं की विचारणा होते. शस्त्रात मोडणारी कुठलीही वस्तू पार्सलने पाठवायचा विचार सोडून द्या.

पांढऱ्या मुठीचा जंबिया. तुम्ही लिहिलंय "बहुधा हस्तिदंती". ही बहुधाची भानगड आधी मिटवा. मुठीचा आडवा छेद दिसतो तिकडचं टोक धुऊन पुसा आणि दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून भर उन्हात बघा. हाड असेल तर बारीक काळपट ठिपके किंवा छोट्या रेघा दिसतील. ती हाडातल्या सूक्ष्म नळ्यांची तोंडं असतात. हस्तिदंत असेल तर ठिपके नसतात. एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते, कडेला जास्त स्पष्ट. काहीच दिसत नसेल आणि सगळं एकसारखं गुळगुळीत असेल तर प्लास्टिक. राजस्थानात पर्यटकांसाठी उंटाच्या हाडाच्या मुठीचे जंबिये ढिगाने होतात, तेव्हा माझा कल हाडाकडे आहे. हाड निघालं तर वस्तू शोभेची आहे आणि किंमतही शोभेच्याच वस्तूची येईल. जाळी दिसली तर विषय संपला. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 खाली हस्तिदंताची विक्री करता येत नाही, वस्तू आजोबांच्या काळची असली तरी. सांबरशिंगाच्या मुठीचंही तसंच, शिंग आपोआप गळलेलं होतं हे सांगून सुटका होत नाही. विकू नका, कुणाला भेटही देऊ नका. वन विभागाच्या कार्यालयात जाऊन पुढे काय करायचं ते लेखी विचारा.

पेन-नाईफची मूठ "कासवाच्या पाठीसारखी" आहे, याने मी जरा सावध झालो. खरं कासव असेल तर पुन्हा वन्यजीव कायदाच. पण जुन्या विलायती पेन-नाईफला बहुतेक वेळा सेल्युलॉइड असतं. मुठीवर अंगठा जोरात घासा, ती जागा कोमट झाली की लगेच हुंगा. कापराचा वास आला तर सेल्युलॉइड, कारण त्यात कापूरच घालतात. गरम सुई टोचून बघायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, सेल्युलॉइड भडकन पेटतं. आणि ते जुनं झालं की हळूहळू विघटन होऊन आम्लाच्या वाफा सोडतं. त्या वाफांनी शेजारचे चाकू गंजतात. एकाच बंद डब्यातल्या सगळ्या पात्यांवर विनाकारण गंज दिसतो तेव्हा मी आधी डब्यात सेल्युलॉइडची मूठ शोधतो. मुठीला चिरा किंवा पांढुरका थर दिसत असेल तर तो चाकू आजच बाजूला, मोकळ्या हवेत ठेवा. यातला एकही ठेवू नये असं मला वाटतं. घेणाऱ्याला मूठ सेल्युलॉइडची आहे हे सांगून द्या.

कट्यारीबद्दल घाई नको. शंभर वर्षांपेक्षा जुनी असेल तर ती पुरावस्तू ठरते आणि पुरावस्तू व बहुमूल्य कलाकृती अधिनियम 1972 लागू होतो. देशाबाहेर पाठवणं बंद, आणि जुन्या वस्तूंचा व्यापार करणाऱ्याकडे परवाना लागतो. म्हणजे परदेशातला भाचा "इथे लिलावात चांगले पैसे येतील" म्हणत असेल तर त्याला नाही म्हणा. खरेपणा ओळखायला बघायच्या दोन जागा. एक, टोक. जुन्या लढाऊ कट्यारीचं टोक पुष्कळदा जाड, भरीव केलेलं असतं, चिलखतातून घुसावं म्हणून. शोभेच्या कट्यारीचं टोक पातळ आणि नुसतं अणकुचीदार असतं. दुसरी, पातं आणि मूठ जिथे जोडली आहे ती जागा. तिथे नव्या वेल्डिंगचा फुगवटा किंवा एकसारखे मशीनचे रिवेट दिसले तर आजोबांनीही ती बाजारातूनच घेतली होती. सतराव्या शतकात युरोपातून आलेली पाती इकडच्या मुठींना बसवायची पद्धत होती, त्यामुळे पात्यावर परकी अक्षरं दिसली तर लगेच नकली ठरवू नका.

ओपिनेलची गोष्ट वेगळी. 1890 च्या सुमाराला फ्रान्सच्या सावोआ भागात जोसेफ ओपिनेलने शेतकऱ्यांसाठी केलेला हा चाकू मुळात वापरायचा आहे. तुमच्याकडे सहा ते बारा नंबर आहेत म्हणता, त्यात अकरा नसणार, कारण एक आणि अकरा नंबर कंपनीने 1930 च्या दशकातच बंद केले. म्हणजे तुमचा संच अपुरा आहे ही खंत सोडा. आठ नंबर ठेवा, साडेआठ सेंटिमीटरचं पातं, फळापासून पावापर्यंत सगळ्याला पुरतं. बाकीचे द्या. कडं नसलेला एखादा असेल तर मात्र थांबा. पातं अडकवणारं फिरतं कडं 1955 मध्ये आलं, त्यामुळे बिनकड्याचा मोठा ओपिनेल जुना असू शकतो. लहान नंबरांना कडं आजही नसतं, तिथे हा नियम लावू नका. पावसाळ्यात बीच लाकडाची मूठ फुगून पातं उघडत नाही म्हणून लोक "खराब झालाय" समजून स्वस्तात काढतात. कडं मोकळं करून मुठीचं मागचं टोक टेबलाच्या कडेवर ठकठक आपटा, पातं नख लावण्याइतकं वर येतं. तिकडचे शेतकरीही हेच करतात. गिऱ्हाईक घरी आलं की हे करून दाखवा, सौदा तिथेच होतो.

स्विस चाकूंत कात्री असलेला 91 मिलिमीटरचा एक ठेवा, प्रवासाचा म्हणून (विमानात हातातल्या बॅगेत नाही, चेक-इनच्या सामानात). बाकी विका, पण आधी प्रत्येकाच्या पात्याच्या मुळाशी नाव वाचा. 'वेंगर' असेल तर वेगळा काढा. ही कंपनी 2005 मध्ये व्हिक्टोरिनॉक्सने घेतली आणि 2013 नंतर त्या नावाचे चाकू बंद झाले. आता नवे होणार नाहीत, म्हणून जमवणाऱ्यांची त्यावर नजर असते. फार मोठी रक्कम येईल असं नाही, पण ढिगात जाऊ देऊ नये.

जपानी सुऱ्यांत जी वहिनींच्या हाताला बसली आहे ती राहील, इथे तुमचं मत दुय्यम. बाकीच्या नात्यातल्या स्वयंपाकाची हौस असलेल्या पोरांना द्या, मात्र दोन गोष्टी सांगून. हे पोलाद कडक असतं आणि धार पातळ, त्यामुळे नारळावर, हाडावर किंवा फ्रीजरमधल्या वस्तूवर चालवली की धारेला खांडे पडतात. आणि दारावर येणाऱ्या सायकलवाल्याकडे ही सुरी द्यायची नाही. त्या माणसाच्या कामाबद्दल माझी तक्रार नाही, कोयत्याला त्याचं चाक उत्तम. पण कोरड्या चाकावर ठिणग्या उडाल्या की पातळ धार तापते, ती निळसर झाली म्हणजे तिथलं पाणी उतरलं, आणि पुढे कितीही पाजवली तरी धार टिकत नाही. धार लावायला हजार नंबरचा पाण्याचा दगड सोबत द्या.

कलमाचे चाकू विकायला जाऊ नका, हजारभर रुपयांसाठी फोनाफोनी होईल. दिंडोरी-निफाडकडे ओळखीचा बागायतदार असेलच. डॉगरिज जातीच्या खुंटावर (मुळं देणाऱ्या खालच्या रोपावर) द्राक्षाची कलमं पावसाळा सरताना होतात, तेव्हा कलम करणाऱ्या पोरांच्या हातात चांगला चाकू असला की काप सरळ येतो आणि जोड बसतो. या चाकूची धार एकाच बाजूने लावलेली असते आणि दुसरी बाजू सपाट, हे देताना सांगा. नाहीतर कुणीतरी हौसेने दोन्ही बाजूंनी घासून ठेवतो.

अडकित्त्यांकडे मी सर्वांत हळवा आहे, तेव्हा माझा सल्ला थोडा पक्षपाती समजा. हे एकही कायद्यात अडकत नाहीत, जागा कमी घेतात आणि आपल्याकडचे आहेत. आधी एकदा पुण्याला राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्ते बघून या. मोर, घोडे, स्त्रीपुरुषांच्या आकृती, तऱ्हा बघून डोळा तयार होतो. मग घरचे समोर मांडा, कोणता राखायचा हे तुम्हालाच कळेल. पितळी असतील तर भांडी बाजारात वजनावर देऊ नका, चिंचेने लख्खही करू नका.

आता पैसे. सगळा ढीग एकाच जुन्या वस्तूवाल्याला दिला तर तो तीन चांगल्या वस्तूंचे पैसे देतो आणि बाकीचं फुकट नेतो. पण साठ चाकू एकेक करून विकायलाही वर्ष जातं आणि घरात अनोळखी माणसांची ये-जा वाढते. मधला मार्ग: ज्यांना खरी किंमत आहे असे दहाबारा वेगळे काढून ओळखीतल्या संग्राहकांना एकेक करून दाखवा, आणि घरगुती वापराचे साधे चाकू पाच-पाचच्या जुडीत द्या. प्रत्येकाचं एक कागदी कार्ड करा: पात्याची लांबी, शिक्का, कुठून घेतला, खोकं आणि बिल आहे का, काय दोष आहे. दोष आधी सांगितला की घासाघीस कमी होते. वापरलेल्या साध्या चाकूला आजच्या दुकानातल्या किमतीच्या निम्मे आले तर हसत द्या. न वापरलेला, खोक्यासकट असेल तर जास्त मागा. बुधवारच्या बाजारात गोदाकाठी पथारी टाकायचा विचार मात्र नको, तिथे सुरीलाही लोखंडाचा भाव येतो. देताना मी वस्तू खाली ठेवतो, समोरचा उचलतो. सुरी हातात दिली की भांडण होतं म्हणतात. खरं-खोटं माहीत नाही, पण बोट कापत नाही हे खरं.

तुटके, टोक गेलेले, मूठ सुटलेले जे उरतील त्यांची धार फरशीच्या मागच्या बाजूवर घासून बोथट करा, पुठ्ठ्यात घालून चिकटपट्टी गुंडाळा, वर मोठ्या अक्षरात "धारदार" लिहा आणि भंगारवाल्याच्या हातात द्या. घंटागाडीत नुसतं टाकू नका. तिथे कचरा हाताने वेगळा करतात.

कट्यारीचे तीन फोटो काढून ठेवा: मूठ, मुठीशी पात्याचा जोड, आणि टोक कडेने. ऊन तिरपं असताना काढा, फ्लॅश नको. वकिलाकडून काय उत्तर आलं ते आणि हे फोटो एकत्र पाठवा, तिचं काय करायचं ते त्यानंतर ठरवता येईल.